घरचा नमुना

तोंडावर तिला सगळे मॅडम म्हणत आणि पाठ वळली की जंतूबाई. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. उलट नवऱ्याला तिनेच हौसेने सांगितलं होतं, "तुझ्या बायकोला हॉस्पिटलने नवी पदवी दिलीय." तळमजल्यावर धुलाईघराला लागून तिची प्रयोगशाळा होती. भिंतीपलीकडे दिवसभर चादरी घुसळणाऱ्या मशिनांची घरघर चाले आणि भिंतीअलीकडे ही जंतूंची घराणी शोधत बसे.

काम ऐकायला अवघड, पण मुळात सोपं. रोग्याच्या रक्तातला जंतू वाढवायचा, त्याचा जनुकीय मजकूर अक्षर न् अक्षर वाचून काढायचा आणि दुसऱ्या रोग्याच्या जंतूशी ताडून पाहायचा. जंतू स्वतःच्या नकला काढत सुटतात. घाईत नकला करणाऱ्याकडून एखादं अक्षर चुकतं आणि ती चूक पुढच्या सगळ्या नकलांत उतरते. दोघांच्या जंतूत त्याच त्या चुका सापडल्या की समजायचं, घराणं एक. एकाकडून दुसऱ्याकडे, नाहीतर दोघांकडे तिसऱ्याकडून.

हे घरात सगळ्यांत आधी कोणाला कळलं असेल तर सासऱ्यांना. त्यांचा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेला होता. "म्हणजे परीक्षेत कॉपी पकडतात तसंच की!" ते म्हणाले होते. "बरोबर उत्तर कोणाचंही सारखं येईल. चुकीचं उत्तर सारखं आलं, म्हणजे दोघं शेजारी बसलेले."

सासरे आता अंथरुणाला खिळले होते. कमरेखालचं अंग गेलं होतं, लघवीला कायमची नळी आणि खाटेच्या कडेला पिशवी. डोकं मात्र लख्ख. औषधाच्या खोक्यावरची शुद्धलेखनाची चूकसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. त्यांचं सगळं करायची ती ठमी, जंतूबाईची नणंद. पाळण्यातलं नाव दुसरंच, पण घरात ती ठमीच राहिली. लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. ठमी त्याच हॉस्पिटलात, नवजात बाळांच्या कक्षात नर्स होती. खालची प्रयोगशाळा सुरू होतेय, जागा निघालीय, ही बातमीदेखील घरी ठमीनेच आणली होती. "वहिनी, अर्ज कर. तिथे तुझ्यासारखीच खडूस बाई पाहिजे," असं म्हणून.

घरातली वाटणी कोणी कधी ठरवली नव्हती, ती आपोआप पडली. सकाळी उठून वडिलांना कुशीवर वळवणं, पुसून काढणं, पिशवी रिकामी करणं, नळीभोवती स्वच्छ करणं हे ठमीचं. डॉक्टरांशी बोलणं आणि औषधं बदलून घेणं वहिनीचं. "वहिनीचं काम डोक्याचं, आमचं हाताचं," असं ठमी हसत म्हणायची. हसत म्हटलेलं असल्यामुळे कोणी त्याचा विचार केला नाही.

आणि मग त्या कक्षातली बाळं तापाने फणफणायला लागली.

वेळेआधी जन्मलेली, मुठीएवढ्या डोक्यांची बाळं ती. काचेच्या पेट्यांत निजवलेली. त्यांना ताप म्हणजे काय, जंतू रक्तात शिरला की औषधाला उसंत मिळत नाही. एक गेलं, तेव्हा नशीब म्हटलं गेलं. दुसरं गेलं, तेव्हा कुजबुज झाली. तिसरं गेलं, तेव्हा त्याच्या मामाने कक्षाचं दार लाथेने उघडलं आणि हॉस्पिटलला जाग आली.

जंतूबाईने सगळ्या आजारी बाळांचे जंतू वाचले. घराणं एक. औषधांना न जुमानणारं, चिवट, निर्लज्ज घराणं. याचा अर्थ सरळ होता, कुणाच्या तरी हातांवरून किंवा कशावरून तरी तो पेटीपेटीत फिरत होता. कक्षप्रमुखांनी, म्हणजे मोठ्या डॉक्टरांनी, फर्मान काढलं की सगळ्यांच्या हातांचे नमुने घ्या. सगळे म्हणजे नर्स, आया आणि सफाईवाल्या. "आणि डॉक्टर?" असं जंतूबाईने विचारलं, तर ते म्हणाले, "मॅडम, आम्ही हात धुतो." जसे काही बाकीचे पाय धुऊन कामाला येत होते!

कापसाच्या काड्या तळव्यांवरून, बोटांच्या बेचक्यांतून फिरल्या. एकीच्या हातांवर तोच जंतू निघाला. ठमीच्या.

अहवालात जंतूबाईने काय लिहायचं ते नीट लिहिलं. घराणं एक आहे. पण बाळांकडून हातावर आला की हातावरून बाळांकडे गेला, हे एवढ्यावरून सांगता येत नाही. आणि सगळ्यांचे हात तपासल्याशिवाय कोणाकडेही बोट दाखवू नये. सोप्या भाषेत लिहिलं होतं, पोराटोरांना कळेल असं. पण वाचणारे मोठे लोक होते. त्यांनी नाव वाचलं आणि कागद मिटला. जे हात तपासायचेच नाहीत ते कायम स्वच्छ राहतात, हा साधा हिशेब. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, असं तिला वाटलं. चौकशी होईपर्यंत ठमीला घरी बसवलं.

त्या दिवशी ठमी बसथांब्यावर उभी होती, तर गेलेल्या एका बाळाची आजी समोर आली. ठमीला वाटलं, आता शिव्या बसणार. आजीने तिचे दोन्ही हात धरले, तळवे उलटे करून पाहिले, पुन्हा सुलटे करून पाहिले आणि सोडून दिले. ठमीने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा ती हसण्याचा प्रयत्न करत होती. "भविष्य बघतायत की काय, असं वाटलं मला," ती म्हणाली, आणि तोंड वाकडं होऊन तिला रडू फुटलं.

"रडतेस काय वेडे," जंतूबाई म्हणाली. "मी सोडवते तुला यातून."

"कशी?"

"जंतू खोटं बोलत नाही. त्यालाच बोलायला लावते."

नवरा दारात उभा होता. तो पुलांचे नकाशे काढायचा, त्याला सरळ रेषा आवडत. "बस्स, ही म्हणतेय ना, मग झालं," तो म्हणाला. सगळं घर त्या एका वाक्यावर निर्धास्त झालं, आणि खरं तर तीही झाली. आपल्या कामावर तिचा फार विश्वास होता. अशा माणसाला देवाने कधीतरी थप्पड मारावी, असंच जणू ठरलेलं असतं.

बाबांना मात्र कोणी काही सांगितलं नाही. ठमीने त्यांना सांगितलं, रजा साठली होती ती घेतली. पेपरात हॉस्पिटलचं नाव आलं म्हणून नवऱ्याने पेपर बंद केला आणि पेपरवाला गावाला गेल्याची थाप मारली. बाबा कुरकुरले. दोन पानांचा का होईना, पण चुका काढायला कागद पाहिजे होता त्यांना. जंतूबाईला थापा मारता येत नसत. लहानपणीसुद्धा येत नसत, कान लाल व्हायचे. विषय निघाला की ती उठून स्वयंपाकघरात जायची.

तिने डोकं लढवलं ते असं. ठमीच्या हातांवरचा जंतू कक्षातून आला असेल, तर ठमीने तो नकळत घरीही आणला असणार. बाबांना नळी आहे, त्यांच्यात तो शिरला असणार. बाबांचा जंतू वाचला आणि त्यात बाळांच्या जंतूतल्या सगळ्या चुका आणि वर आणखी एखादी नवी सापडली, की सिद्ध झालं. आधी बाळं, मग ठमी, मग बाबा. म्हणजे ठमीने रोग दिला नाही, तिला कक्षाने दिला, तिच्या म्हाताऱ्या बापालाही दिला. मग बोलू द्या मोठ्या डॉक्टरांना काय बोलायचं ते.

रविवारी सकाळी ती काड्या आणि कुप्या घेऊन बाबांच्या खोलीत गेली.

"काय गं, आज माझं प्रूफ तपासणार?" बाबा म्हणाले.

"नेहमीचंच आहे, बाबा."

"तपास, तपास. जुनी आवृत्ती आहे, चुका पुष्कळ सापडतील."

ठमीने त्यांना कुशीवर धरलं, नळी पुसून पुढे केली. जंतूबाईला पहिल्यांदाच जवळून दिसलं, नळीपाशी कातडी किती लाल झालीय ते. लघवी गढूळ होती. "असंच असतं का रोज?" तिने हळूच विचारलं. ठमीने बाबांची चादर सारखी केली.

पुढच्या आठवड्यात उत्तर आलं.

संगणकाच्या पडद्यावर जंतूंच्या वंशावळीचं झाड उमटलं. फांद्यांच्या टोकांना बाळं, त्यांच्यात मिसळलेली ठमी. बाबांना तिने शेंड्याकडे शोधलं. तिथे ते नव्हते. ते खाली होते, बुडाशी. बाळांच्या जंतूत ज्या चुका सगळ्यांत समान होत्या, त्या बाबांच्या जंतूत नव्हत्याच. त्या चुका व्हायच्या आधीचा मजकूर बाबांपाशी होता. आणि बाबांचा जंतू एकाच छापाचा नव्हता. त्याच्या कितीतरी पोटशाखा होत्या, म्हणजे तो तिथे बरेच दिवस नांदत होता. त्यांपैकी एक शाखा उठून कक्षात गेली होती.

तिने सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. नवा नमुना, नवं वाचन. झाड तेच आलं. मग तिला आठवलं, थंडीत बाबांना ताप आला होता तेव्हा लघवी तपासायला इथेच आणली होती. वाढवलेले जंतू गोठवून ठेवायची तिच्या प्रयोगशाळेची शिस्त होती, आणि ती शिस्त तिनेच लावली होती. डीप फ्रीजरच्या फळीवर ती कुपी सापडली. पहिलं बाळ आजारी पडलं त्याच्या कितीतरी आधीची तारीख. वाचला. तोच जंतू.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती साऱ्या कक्षात चोर शोधत होती आणि चोर तिच्या घरात, तिच्या सासऱ्यांच्या खाटेला टांगलेल्या पिशवीत होता. ठमी सकाळी पिशवी रिकामी करून, घाईघाईत हात खंगाळून बस पकडत होती. आयुष्यात पहिल्यांदा जंतूबाईला वाटलं, आपल्याला हे काम इतकं चांगलं यायला नको होतं.

तिला स्वतःचा राग आला, ठमीचा आला, म्हाताऱ्याचासुद्धा आला. मग ती उठून वरच्या मजल्यावर गेली.

कक्षाच्या दाराशी भिंतीवर सॅनिटायझरची बाटली होती. तिने दाबून पाहिली. फुस्स झालं. आतल्या बेसिनचा नळ आजारी माणसासारखा ठिबकत होता. एक नर्स डझनभर पेट्यांमध्ये धावत होती, या बाळाची नळी, त्या बाळाचं दूध, तिसऱ्याचा श्वास.

"बाटली रिकामी आहे," जंतूबाई म्हणाली.

"कधीचीच," नर्स न थांबता म्हणाली. "मागणी केलीय. आणि मॅडम, भरलेली असती तरी हात चोळायला वेळ कोणाला आहे? तेवढ्यात एखादं निळं पडेल."

हे जंतूबाईने मनात पक्कं नोंदवलं. जंतू कोणाच्या घरी नसतात? बसच्या दांडीवर असतात, मोठ्या डॉक्टरांच्या घड्याळाच्या पट्ट्यावर असतात. माणसं ते घेऊन येणारच. दारात ते अडवायचे कसे हे हॉस्पिटलने बघायचं असतं. ठमीने घरून जंतू आणला हे खरं, पण तिचे हात धुवायला इथे पाणी नव्हतं हे जास्त खरं. दोन्ही लिहायचं, असं तिने ठरवलं. पहिल्या पानावर जंतू कुठून आला, दुसऱ्या पानावर तो का पसरला.

तिने आधी नवऱ्याला सांगितलं. तो एकदम उसळला.

"तुला सांगितलं होतं कोणी घरात काड्या फिरवायला? बाबांचा नमुना मागितला होता कोणी?"

"कोणी नाही."

"मग? हात दाखवून अवलक्षण! फाडून टाक तो कागद. कोणाला कळणार आहे?"

"आणि लपवलं, ठमी परत कामावर गेली, रोज सकाळी बाबांचं करून तशीच गेली आणि चौथं बाळ गेलं तर?"

"तिला सांगू ना आपण, हात नीट धू म्हणून."

"तिथे पाणी नाही, अरे. मी बघून आलेय. ते मी लिहिलं नाही तर तिथे पाणी येणारच नाही. आणि ते लिहायचं तर हेही लिहावं लागतं. अर्धं खरं मला लिहिता येत नाही."

"बहीण आहे ती माझी," नवरा म्हणाला. इकडे आड तिकडे विहीर. तो खोलीबाहेर गेला आणि त्याने दार आपटलं नाही. आपटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

ठमी बाबांच्या खोलीबाहेर ओसरीवर कपडे वाळत घालत होती. जंतूबाईने तिला सगळं सांगितलं, झाड, कुपी, तारीख. ठमी हातात ओलं फडकं घेऊन ऐकत राहिली. नर्सच ती, समजावून सांगावं लागलं नाही.

"म्हणजे मीच," ती शेवटी म्हणाली.

"तू नाहीस. तिथे बाटली रिकामी होती, नळ..."

"तिन्ही बाळांना मी पाजलंय, वहिनी. त्या आजीच्या नातवाला तर ड्रॉपरने." तिने फडकं दोरीवर टाकलं, ते खाली पडलं, तिने ते पुन्हा उचललं. "एक विचारू? जगातल्या जंतूंची सात पिढ्यांची कुळं तुला पाठ. थंडीपासून बाबांच्या पिशवीत ही घाण आहे, तुझ्याच फ्रीजरमध्ये आहे. या घरात राहून त्या पिशवीचा रंग तू एकदा तरी बघितला होतास?"

जंतूबाईला थंडीतला तो ताप आठवला. तेव्हा तापावर औषध दिलं गेलं होतं, ताप उतरला होता आणि तिने तो विषय संपवला होता. दिवसाआड पिशवी तिने बदलली असती, तर ठमीला तशीच बस पकडावी लागली नसती. हे तिच्या कोणत्याही झाडात दिसणार नव्हतं.

"तू एक सकाळ जरी..." ठमी म्हणाली आणि वाक्य तिथेच सोडलं. "जाऊ दे. तुला लिहायचं ते लिही. बाळांसाठी लिहितेस ना, लिही. फक्त बाबांना कळता कामा नये. ते मरतील त्याने."

जंतूबाईने दोन्ही पानं लिहिली. दुसऱ्या पानावर तिने जीव ओतला. रिकाम्या बाटल्या, ठिबकणारा नळ, एका नर्सच्या वाट्याला आलेल्या पेट्या, न तपासलेले डॉक्टर, सगळं आलं. तिला अजून आशा होती. शिकलेली माणसं दोन पानं तरी वाचतील, अशी आशा.

चौकशी समितीच्या खोलीत गुबगुबीत खुर्च्या होत्या आणि टेबलावर हात साफ करायच्या द्रवाची भरलेली बाटली होती. तिने पहिल्यांदा ती पाहिली आणि नंतर माणसं पाहिली. प्रशासकांनी पहिलं पान मोठ्याने वाचलं. मोठे डॉक्टर डोळे मिटून मान डोलवत होते, गाणं चालू असावं तसे.

"म्हणजे उगम कर्मचाऱ्याच्या घरात आहे. हॉस्पिटलमध्ये नाही," प्रशासक म्हणाले.

"दुसरं पान वाचा," ती म्हणाली.

"वाचलंय. ते तुमच्या विषयात येत नाही, मॅडम. तुम्ही जंतू वाचायचे. नळ बघायला आमच्याकडे प्लंबर आहे."

"नळ दुरुस्त झाला नाही तर पुन्हा बाळं जातील."

"होईल हो नळ," प्रशासक म्हणाले. "पण एक सांगा, स्वतःच्या घरचा नमुना तुम्ही आपणहून आणलात. का?"

ठमीला सोडवायला, असं उत्तर होतं. पण ते या खोलीत सांगण्यासारखं राहिलं नव्हतं. मोठे डॉक्टर तिच्या मदतीला धावून आले. "प्रामाणिकपणा! याला म्हणतात प्रामाणिकपणा!" ते म्हणाले.

ठमीला काढून टाकलं. फलकावर सूचना लागली की संसर्ग बाहेरून आला होता, संस्थेच्या व्यवस्थेत त्रुटी नाही. त्या सूचनेत नाव नव्हतं, पण नाव नसलं तरी सफाईवालीपासून कॅन्टीनवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं कोण ते. नळ मात्र दुरुस्त झाला, आणि रिकाम्या बाटल्या गुपचूप भरल्या गेल्या. काढून टाकलेल्या नर्सच्या जागी दुसरी आली नाही, त्यामुळे उरलेल्यांच्या वाट्याला पेट्या वाढल्या.

पुढे मोठ्या डॉक्टरांनी कुठल्याशा परिषदेत ते झाड रंगीत करून दाखवलं. परत आल्यावर मुद्दाम तळमजल्यावर उतरून आले. "मॅडम, घरचा नमुना घेण्याची तुमची कल्पना सगळ्यांना भयंकर आवडली," म्हणाले, आणि त्यांनी हात पुढे केला. गुलाबी, मऊ, नखं कापलेला हात. तो अजूनही कोणी तपासलेला नव्हता. तिने तो हातात घेतला, कारण नोकरी होती. ते गेल्यावर ती बेसिनपाशी उभी राहिली आणि हात धुता धुता इतकी मोठ्याने ओरडली की धुलाईघरातला माणूस दारात येऊन पाहून गेला.

घरात आता सगळं नीट चालू होतं. फार नीट. ठमी दिवसभर बाबांपाशी असे. पोळ्या वेळेवर होत. नवरा बायकोशी बोले, पण मीठ दे, दार लाव, एवढंच. सकाळची पिशवी जंतूबाई आता स्वतः बदलायला जायची, पण ठमी तिच्याआधी उठून बदललेली असायची. रोज ती थोडी लवकर उठे आणि रोज ठमी तिच्याही आधी उठलेली असे. एके दिवशी ठमी म्हणाली, "राहू दे वहिनी. आता मला कुठे जायचंय?" त्यानंतर जंतूबाई जायची थांबली.

एका दुपारी बाबांनी तिला हाक मारली. ठमी आत भांडी घासत होती, तिच्या नळाचा आवाज येत होता.

"दार लोटून घे," बाबा म्हणाले. "बस इथे. मला एक सांग. ठमीची रजा संपत का नाही?"

उठून स्वयंपाकघरात जायची सोय नव्हती, तिथे ठमी होती.

"पेपरवाला परत येत नाही. माझा लेक माझ्याकडे बघत नाही. ठमी गाणं म्हणत म्हणत मला पुसायची, ती गाणं विसरलीय. मी आयुष्यभर चुका शोधल्या, पोरी. पानावर काहीतरी गळलंय, एवढं मला कळतं, काय गळलंय ते कळत नाही." त्यांना धाप लागली. "तू काड्या घेऊन आलीस, त्यानंतर हे सगळं झालं. माझ्या अंगातून काही निघालं का? माझ्यामुळे तिचं काही वाकडं झालं का?"

"बाबा, तुम्ही उगीच..."

"उगीच नाही. त्या दोघांना विचारलं असतं, पण ते थापा मारतात. माझ्या भल्यासाठी मारतात, मला कळतं. या घरात खोटं न बोलणारी तू एकटी. म्हणून तुला विचारतोय."

त्यांनी तिचा हात धरला. त्यांची बोटं बारीक आणि कोरडी होती, आणि अजून भलतीच घट्ट होती. ती त्यांच्या डोळ्यांत बघत राहिली. कान तापत होते, पण खोलीत अंधुक होतं.

"काही निघालं नाही, बाबा," ती म्हणाली. "तुमचा नमुना अगदी स्वच्छ आला. ठमीनेच नोकरी सोडली, तिला तिथला कंटाळा आला होता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही तिने."

"खरं?"

"मी कधी खोटं बोललेय का?"

बाबांनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा सैल झाला. "मग ठीक आहे," ते म्हणाले. "वेडी पोर. मला सांगितलं असतं तर मी काय रागावलो असतो?" बघता बघता त्यांना झोप लागली.

ती उठली. आतला नळ केव्हाच बंद झाला होता. दाराबाहेर ठमी उभी होती, ओल्या हातांनी, पिशवी बदलायला आलेली. तिने सगळं ऐकलं होतं. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. जंतूबाईला वाटलं, आता ही आपल्या गळ्यात पडेल, निदान हात तरी धरेल. तिच्या बापाला वाचवलं होतं तिने.

"येतं की गं तुला खोटं बोलता," ठमी म्हणाली आणि तिच्या बाजूने आत गेली.